थांब म्हणण्याचा हक्क

गेल्या वर्षी जून महिन्यात ताईनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा पानांची एक पीडीएफ पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं, "वाचून सांग."

जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाचा तो नोकरीचा करार होता. डाव्या बाजूला जर्मन मजकूर, उजव्या बाजूला इंग्रजी. ताई म्हणजे माझी मामेबहीण, माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी. जीएनएम झालेली, यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात सहा वर्षं नर्स म्हणून काम केलेली. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर. आमच्या घरात इंग्रजीतला कुठलाही कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो, मग तो मामाच्या पीकविम्याचा असो नाहीतर आजीच्या एमआरआयचा.

करार मी रात्री जेवता जेवता वाचला. नवव्या कलमात लिहिलं होतं की भाषा शिकवण्याचा आणि प्रवासाचा खर्च मालक करेल. कर्मचाऱ्यानं दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर त्या खर्चातला उरलेला भाग तिला परत करावा लागेल, आणि ही रक्कम दर महिन्याला थोडी थोडी कमी होत दोन वर्षांनी शून्य होईल. कलम ठीकठाक होतं. माझ्या पहिल्या नोकरीतला बाँड याहून वाईट होता.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हणालो, "ताई, यात बाँड हाय. दोन वर्षं सोडता येत नाही. सोडलं तर सगळे पैसे भरा लागतीन."

"बरं. अजून?"

"अजून म्हणजे, तिथं सुरुवातीले तू नर्स नसशीन. हेल्पर असशीन. म्हाताऱ्यांच्या आंघोळी, डायपर."

"बरं."

"अन् इथं काय गरज कमी हाय का? आपल्या जिल्ह्यात नर्सा भेटत नाहीत, अन् तू जर्मनीले चालली."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग "पाहू" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या फोनमधली तीन वाक्यं वर्षभर माझ्या डोक्यात आहेत. पहिलं अर्धं खोटं होतं. दुसरं खरं होतं, पण घाबरवण्यासाठी वापरलेलं होतं. तिसरं वाक्य सगळ्यात अवघड, कारण ते खरंही आहे आणि उदात्तही वाटतं. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे.

*

आधी मी असं का बोललो ते सांगतो.

चौथी ते दहावी मी मामाच्या घरी राहून शिकलो. यवतमाळ-घाटंजी रस्त्यावरचं गाव. तिथं मला आजीनं वाढवलं. २०२२ मध्ये आजीला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून आजी खाटेवर आहे आणि तिचं सगळं ताई करायची. दवाखान्यातली ड्युटी संपवून स्कूटीनं घरी यायची आणि दुसरी ड्युटी सुरू करायची. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड साफ करणं, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल झाली का ते बघणं. ती ड्युटीवर असली की मामी करायची, पण ताईनं शिकवल्याप्रमाणं. खाटेशेजारी भिंतीवर तिनं वहीचा कागद चिकटवला होता. त्यावर वेळा लिहिलेल्या असायच्या आणि कूस बदलली की टिक करायची.

दोन वर्षांत आजीला एकही बेडसोर झाला नाही. खाटेवरच्या माणसाची काळजी ज्यांनी घेतली आहे त्यांना हे वाक्य किती मोठं आहे ते कळेल.

मी दर महिन्याला आठ हजार रुपये पाठवायचो. दिवाळीला, पोळ्याला घरी जायचो, आजीचा हात धरून बसायचो. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायचो, "आम्ही आजीचं घरीच करतो." त्या 'आम्ही'मध्ये माझा वाटा एका बँक ट्रान्सफरचा होता.

करार वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: मग आजीचं कोण करणार? या विचारात वाईट काही नाही. वाईट हे की मी तो बोललो नाही. 'मला भीती वाटते, आजीचं काय होईल' एवढं सरळ वाक्य मला म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी कलम नऊ वाकवलं, आणि वर जिल्ह्याची गरज आणून ठेवली. स्वतःच्या सोयीला तत्त्वाचा सदरा घातला.

पोळ्याला गावी गेलो तेव्हा ताईनं फोनवर ती पीडीएफ उघडली आणि डावीकडच्या जर्मन रकान्यात एका शब्दावर बोट ठेवलं. "हे पाय. मोनाटलिश. म्हणजे दर महिन्याले. दर महिन्याले रक्कम कमी होते. चोवीस महिन्यात काहीच राहत नाही. तू मले हे सांगितलं नाही."

मी म्हणालो, घाईत वाचलं, सुटलं असेल.

"सुटलं नाही. तू सोडलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग आजीची कूस बदलायला उठून गेली.

तिनं बी-वनची परीक्षा पुण्यात दिली होती, दोन रात्री माझ्याच फ्लॅटवर राहून. हेडफोन लावून ती स्वयंपाकघरात जर्मन संवाद ऐकत बसायची. भाजी घेण्यापुरती भाषा येत असेल, करार काय वाचणार, असं मी धरून चाललो होतो. तिच्यासाठी करार वाचणारा मीच, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं.

*

आता मुद्द्याकडे येतो. ताई तिथं जाऊन नेमकं काय करणार होती, ते आधी सांगायला हवं, कारण गावात याबद्दल फार गैरसमज आहेत.

जर्मनी म्हातारी होते आहे. तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार २०२३ च्या अखेरीस सुमारे ५७ लाख लोक शुश्रूषेवर अवलंबून होते. त्यातल्या बहुसंख्य लोकांचं आजही घरीच केलं जातं, आणि ते करणाऱ्यांत बायकाच जास्त. म्हणजे 'परदेशात म्हाताऱ्यांना आश्रमात टाकतात' हे आपलं आवडतं वाक्य तितकंसं खरं नाही. तरीही आश्रमांना, दवाखान्यांना माणसं कमी पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. परिचारिका, रुग्णसहायक, इलेक्ट्रिशियन, चालक असं सुमारे दहा हजारांचं मनुष्यबळ पाठवायचं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. ताई सरकारी योजनेतून गेली नाही, एका खाजगी एजन्सीमार्फत गेली. पण त्या बातमीनंतर आमच्याकडे जर्मन भाषा हा चहाच्या टपरीवरचा विषय झाला.

आपल्याकडची नर्सची पदवी तिथं थेट चालत नाही. कागद तपासतात, त्यांच्या आणि आपल्या अभ्यासक्रमातला फरक काढतात आणि तो भरून काढायला एकतर काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा एक परीक्षा देतात. तोपर्यंत माणूस मदतनीस म्हणून काम करतो. या कामासाठी तिथं वेगळं किमान वेतन ठरलेलं आहे. जुलै २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार अप्रशिक्षित मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि पूर्ण पात्र परिचारिकेला २०.५० युरो, याहून कमी देता येत नव्हतं.

एक गोष्ट मला ताईमुळं कळली. आपल्याकडे दवाखान्यात रुग्णाला पुसणं, भरवणं, संडासला नेणं हे बरंचसं नातेवाईक नाहीतर मावशी करतात. नर्स इंजेक्शन देते, सलाईन बघते, फाइल भरते. जर्मनीत रुग्णाचं अंग धुणं हे शिकलेल्या नर्सच्याही कामाचा भाग आहे. अंग धुतानाच कातडी दिसते, सूज दिसते, माणूस आज कालच्यापेक्षा गप्प आहे हे दिसतं. मी फोनवर 'आंघोळी, डायपर' म्हणालो तेव्हा मला ताईला तिची पायरी दाखवून द्यायची होती. पण आजीच्या खाटेशी ती दोन वर्षं तेच करत होती आणि तेव्हा मी त्याला सेवा म्हणत होतो. तेच काम घरात फुकट केलं की सेवा, परक्या देशात पगार घेऊन केलं की हलकं. कामाकडे कमी लेखून बघायची ही सवय आपल्या जातिव्यवस्थेनं लावलेली आहे. दुसऱ्याच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींना हात कुणी लावायचा, हे आपण फार पूर्वी ठरवून टाकलं.

*

तरीही माझ्या तिसऱ्या वाक्यात तथ्य होतं. ते मांडताना माझा हेतू खोटा होता म्हणून वाक्य खोटं ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात ५९ लाख नर्स कमी होत्या, आणि यातली ८९ टक्के तूट गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. म्हणजे जिथं नर्स कमी आहेत तिथून त्या जिथं जास्त आहेत तिथं जातात.

आणि यवतमाळ हे काही नकाशावरचं नुसतं नाव नाही. सपाट भागात पाच हजार लोकांमागे आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र असावं असा निकष आहे. तिथली एएनएम म्हणजेच त्या लोकांसाठी सरकारी आरोग्यव्यवस्था. झरी-जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावर पावसाळ्यात बाई अडली तर आधी तीच पोचते. अशा ठिकाणची एक जागा रिकामी राहिली तर तो आकडा राज्याच्या सरासरीत दिसतसुद्धा नाही, पोडावर मात्र दिसतो.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं गेली. ताई तेव्हा शिकत होती आणि तिची प्रॅक्टिकलची पोस्टिंग यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होती. अशा रुग्णाचे आधी सगळे कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवावं लागतं, कारण विष कातडीतून आत जात राहतं. औषध म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात, त्यानं माणूस कधी कधी भ्रमिष्टासारखा बडबडतो, उठून पळायला बघतो. तिनं मला सांगितलं होतं, एक जण रात्रभर 'पंप बंद कर, पंप बंद कर' म्हणत होता आणि ती त्याचा हात धरून 'केला, बंद केला' म्हणत बसली होती. ती एकोणीस-वीस वर्षांची होती. असं माणूस जिल्ह्यातून निघून गेलं तर जिल्ह्याचं काहीतरी जातं, हे मी आजही म्हणेन.

म्हणून 'ज्याला जिथं जायचं तिथं त्यानं जावं, वैयक्तिक प्रश्न आहे' असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. जाण्यानं कुणाचं तरी नुकसान होतं. प्रश्न असा आहे की ते नुकसान भरून देण्याची जबाबदारी कुणाची, आणि 'थांब' म्हणण्याचा हक्क कुणाला.

*

या प्रश्नावर तत्त्वज्ञांत जुना वाद आहे. जिलियन ब्रॉक आणि मायकेल ब्लेक या दोघांनी २०१५ मध्ये मिळून एक पुस्तकच लिहिलं, अर्धं तिचं, अर्धं त्याचं, एकमेकांच्या विरोधात. ब्रॉक म्हणते, गरीब देशानं ज्याच्या शिक्षणावर खर्च केला त्याला जाण्याआधी ठरावीक काळ सेवा कर किंवा काही कर भर, असं काही अटींवर सांगता येतं. ब्लेक म्हणतो, माणूस ही देशाची मालमत्ता नाही, देश सोडण्याचा हक्क मूलभूत आहे आणि गरिबीच्या नावाखाली तो काढून घेता येत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही स्वतःचा देश सोडण्याचा हक्क लिहिलेला आहे.

ब्रॉकची बाजू मला बरीच पटते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आपल्या राज्यात एक वर्षाच्या शासकीय सेवेचा बाँड असतो, तो मोडला तर दंड असतो. त्यात निदान मुदत आणि किंमत आधी सांगितलेली असते. पण हाच हिशेब ताईला लावायला बसलो तेव्हा माझी पंचाईत झाली.

ताईचं जीएनएम खाजगी नर्सिंग स्कूलमध्ये झालं. तीन वर्षांची फी मामानं भरली, त्यासाठी दोन एकर शेत गहाण पडलं. सरकारनं तिच्यावर काय खर्च केला? जवळपास काही नाही. मी अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो. तिथली फी, हॉस्टेल, प्रयोगशाळा, माझी शिष्यवृत्ती, यातला मोठा भाग लोकांच्या करातून आला. त्यात यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्यांचा करही होता. परतफेड करायची असेल तर मी कुठं केली? २०१९ मध्ये मी जिल्हा सोडला. आज मी हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो. माझं शरीर महाराष्ट्रात आहे, माझं काम रोज परदेशात जातं. मला कुणी विचारलं नाही, की जिल्ह्यात गरज असताना तू का चाललास. उलट माझ्या शाळेत माझा सत्कार झाला होता, शाल आणि नारळ देऊन.

इंजिनीअर गेला की गावाचं नाव काढतो, नर्स गेली की गावाला सोडून जाते. हा फरक कुठून येतो? माझ्या मते 'सेवा' या शब्दातून. जे काम आपण सेवा मानतो त्याचा पगार मागणं आपल्याला खटकतं, आणि ते काम जास्त पगारासाठी दुसरीकडे नेणं तर आणखी खटकतं. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यातले राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी, त्यात नर्सही होत्या, कायम करा म्हणून संपावर गेले, तेव्हा मी ती बातमी अंगठ्यानं वर सरकवली.

पगाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्र सरकारच्या समितीनं २०१६ मध्ये शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातही नर्सला महिन्याला किमान वीस हजार रुपये मिळावेत. मोठ्या दवाखान्यांत सरकारी पगाराच्या जवळ जाणारा पगार मिळावा. ताईचा सहा वर्षांनंतरचा पगार साडेबारा हजार होता. वाढवून मागितला तेव्हा उत्तर मिळालं, "इथं एवढंच देतात." वीस हजारांची शिफारस मला माहीत नव्हती. तिला माहीत होती. तिनं तिचा उल्लेख केला तेव्हा सांगणाऱ्यानं तिला दाराबाहेर उभ्या मुली दाखवल्या.

जिल्ह्याला तिची एवढी गरज होती, तर ती गरज पगाराच्या दिवशी कुठं जायची?

*

यातून मी कुठं पोचलो ते सांगतो. हे माझं मत आहे, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

'थांब, इथं गरज आहे' असं म्हणण्याचा हक्क त्यालाच आहे जो तिच्या थांबण्याची किंमत स्वतः उचलायला तयार आहे. सरकारला म्हणायचं असेल तर त्यानं जागा भराव्यात, कंत्राट संपवावं, आदिवासी भागात जाणाऱ्या नर्सला राहायला घर आणि सोबतीला माणूस द्यावं. दवाखान्याला म्हणायचं असेल तर त्यानं वीस हजार द्यावेत. मला म्हणायचं असेल तर मी आजीची कूस बदलावी. किंमत न उचलता 'थांब' म्हणणारा माणूस कर्तव्याची आठवण करून देत नसतो, तो बिल दुसऱ्याच्या नावावर टाकत असतो.

याच्या उलट बाजूलाही हेच लागू आहे. 'ये, आमच्याकडे गरज आहे' म्हणणाऱ्यानंही किंमत उचलली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी एक आचारसंहिता केली. जिथं फारच तुटवडा आहे अशा देशांतून श्रीमंत देशांनी सक्रिय भरती करू नये, असं ती सांगते. २०२३ च्या यादीत असे ५५ देश आहेत. भारत त्या यादीत नाही. यादी देश मोजते, तालुका मोजत नाही. केरळ आणि झरी-जामणी तिच्यासाठी एकच.

बोलावणाऱ्यांचा इतिहासही काही फार सरळ नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम जर्मनीनं दक्षिण कोरियातून दहा हजारांच्या वर परिचारिका आणि मदतनीस आणल्या. केरळच्या मुलीही त्याच काळात चर्चच्या संस्थांमार्फत गेल्या. १९७३ नंतर मंदी आली तेव्हा अनेकींचे परवाने वाढवायला नकार मिळू लागला. कोरियन परिचारिकांनी सह्यांची मोहीम काढली, सभा घेतल्या, आणि तिथं राहण्याचा हक्क मिळवला. त्यांची तक्रार साधी होती: गरज होती तेव्हा बोलावलं, गरज संपली म्हणून परत पाठवायला आम्ही काही वस्तू नाही. ताईच्या करारातलं कलम नऊ मी आता पुन्हा वाचतो तेव्हा मला ते आठवतं. कलम वाईट नाही, पण ते कुणी लिहिलं आणि कुणी नुसती सही केली, हे विसरून चालत नाही. म्हणून तर तिला ते नीट वाचून सांगणारं माणूस हवं होतं.

'शुश्रूषा' हा शब्द आपण नर्सिंगसाठी वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे, 'श्रु' म्हणजे ऐकणं यावरून. ऐकण्यावरून आज्ञा पाळणं आणि मग सेवा, असा तो अर्थ सरकत गेला. सेवेपर्यंत येताना आपण मधलं आज्ञा पाळणं तेवढं लक्षात ठेवलं आणि मुळातलं ऐकणं विसरलो, असं मला वाटतं. ताईनं वर्षभर जर्मन माणसांचं बोलणं कान देऊन ऐकलं, अनोळखी म्हाताऱ्यांचं दुखणं समजावं म्हणून. मी तिचं मराठी, वऱ्हाडी बोलणं एकदाही नीट ऐकलं नव्हतं. "वाचून सांग" याचा अर्थ "तू माझ्या बाजूनं आहेस का ते सांग" असा होता, हे मला पोळ्याच्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली. मग जे जूनमध्ये म्हणायला हवं होतं ते म्हणालो, "ताई, मले आजीची भीती वाटते."

"मलेही वाटते," ती म्हणाली. "म्हणून तुले शिकवतो म्हणत होती. तू बसतच नाहीस."

*

ताई फेब्रुवारीत गेली. त्याआधी तिनं मला तीन आठवडे शिकवलं. चादर ओढून माणूस कसं सरकवायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी कुठं ठेवायची, लाल डाग बोटानं दाबून पांढरा होतो का ते कसं बघायचं. मी महिन्यातले दहा दिवस गावातून काम करतो. रात्रीच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दर दोन तासांनी उठतो. पहिल्या महिन्यात माझ्या हातून आजीच्या टाचेला फोड आला. मामीनं तो आधी पाहिला, मी नाही. भिंतीवरचा कागद अजून आहे. टिकांमध्ये आता माझं वेगळं अक्षर दिसतं.

पण दहा दिवसांनी महिना होत नाही आणि मामीची कंबर आता साथ देत नाही. म्हणून आम्ही शेजारच्या पोडावरच्या एका वहिनीला दिवसभरासाठी ठेवलं. तिला तीन वर्षांचा मुलगा आहे, तो दिवसभर तिच्या सासूकडे असतो. समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉकशील्ड हिनं याला काळजीची जागतिक साखळी म्हटलं आहे. एका घरातली काळजी दुसऱ्या घरी जाते आणि तिथली पोकळी तिसऱ्या घरातून भरली जाते. जर्मनीतल्या कुणा आजोबांपासून निघालेली ही साखळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तीन वर्षांच्या मुलापर्यंत येते. मधल्या कड्या आम्ही.

मार्च महिन्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. आजीनं डावा हात हलवला, काहीतरी बोलली, ताईला ते कळलं, मला कळलं नाही. मग ताईनं विचारलं, "वहिनीले किती देतं रे?"

"सहा हजार," मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं, "गावात एवढंच देतात."

ती काही बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. तेच वाक्य ऐकून ती देश सोडून गेली होती.

आता आम्ही वहिनीला बारा हजार देतो, रविवारी सुट्टी असते, आणि मुलगा कधी कधी आमच्या अंगणात खेळतो. मी मोठं काही केलं असं समजू नका. जर्मनीत तासाला १६ युरो मिळणारं काम आहे हे, आणि माझा पगार बघितला तर बारा हजार हा आकडा मला अजूनही नीट पचत नाही. वहिनी हुशार आहे. ताईनं तिला व्हिडिओ कॉलवर रक्तदाब मोजायला शिकवला, आणि परवा ती विचारत होती की बारावी झालेल्या बाईला एएनएमला प्रवेश मिळतो का. मिळतो. मी तिला प्रवेशाचा फॉर्म शोधून देणार आहे.

तो फॉर्म भरला तर दोन वर्षांनी तीही इथून जाईल. आजी तोवर असेल तर तिची कूस कोण बदलणार, हा प्रश्न पुन्हा उभा राहील. या वेळी फॉर्मवरचं एक एक वाक्य मी तिला नीट वाचून दाखवणार आहे, आणि एकही कलम सोडणार नाही.